काळोख्या तांडेलाचा उजवा हात

सोमवार, २ जुलै १९८४. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.

पडवीत बसून कालचे ब्रश रॉकेलमध्ये धूत होतो. 'चित्रहोडी' या मुलांच्या चित्रकथांच्या मासिकाचा नवा अंक मांडीवर उघडा होता. शेवटच्या पानावरची चौकट वाचली आणि दोन नंबरचा ब्रश डब्यात तसाच उभा राहिला. केस वाकले. ब्रश दुकानाचा, केरूनाना विचारतील.

चौकट उतरवून ठेवतो. 'काळोख्या तांडेल दिवे का चोरतो आणि आपला उजवा हात पाठीमागे का लपवतो, हे गेल्या एकवीस वर्षांत कोणी सांगितलेले नाही. आता वाचकांनी सांगावे. आठ पाने, काळ्या शाईत, २० ऑगस्टपर्यंत पोचतील अशी पाठवावीत. निवडलेली जन्मकथा दिवाळी अंकात येईल. तिच्याखाली चित्रकाराचे नाव व गाव छापले जाईल.'

बक्षिसाची रक्कमही दिली आहे, पण ती मी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा दिसली. नाव व गाव हे मात्र पहिल्याच वेळी दिसले.

काळोख्या म्हणजे चित्रहोडीतला दुष्ट. काळ्या शिडाच्या मचव्यातून अवसेच्या रात्री येतो. धक्क्यावरचा, देवळाच्या दीपमाळेवरचा, कुणाच्या दारातला दिवा डाव्या हाताने उचलतो आणि नेतो. दीपगृहवाल्याचा मुलगा विनू त्याला दर महिन्याला हरवतो. काळोख्याचा उजवा हात आजवर एकाही चित्रात आलेला नाही.

आईला सांगितले. ती म्हणाली, "त्या चोराची गोष्ट? तुला दुसरं कोण मिळालं नाय?"

शुक्रवार, ६ जुलै

केरूनाना पेंटर हे माझे मालक. बाजारात त्यांचे दुकान आहे. दुकानांच्या पाट्या, आंब्याच्या पेट्यांवरचे छाप, होड्यांची नावे अशी कामे करतो. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे. अक्षर चुकले तर रंग आणि पत्रा दोन्ही फुकट जातात, म्हणून जोडाक्षरे असलेल्या पाट्या ते माझ्याकडे देतात. आज त्यांना स्पर्धेचे सांगितले.

"राक्षसाची गोष्ट लिहितोस? मेल्या, मग पोरांनी घाबरायचं कुणाला?"

"तो तसा का झाला एवढंच दाखवायचं आहे, नाना."

"पाटी वाकडी का लागली ते गिऱ्हाईक विचारत नाय. वाकडी दिसली की पैसे देत नाय, बस."

नंतर चहाला गेले आणि येताना म्हणाले, "त्या मुंबईच्या चित्रकाराला शीड काढता येत नाय. झेंडा एकीकडे उडतो आणि शीड दुसरीकडे फुगतं. तू नीट काढ. तांडेलाचा पोर तू." अर्धी बाटली काळी शाई दिली. पगारातून कापणार आहेत.

रविवार, ८ जुलै

आज काम नाही. चार ओळी लिहून खोडल्या. बाबांविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही असे दिसते.

बाबा मचव्यावर तांडेल होते. म्हणजे मचवा त्यांच्या हुकमात असायचा. कौले, मीठ, लाकूड भरून मुंबईला जायचे आणि पावसाच्या आधी मांडवीला परत यायचे. हातात सरळ काही देणे त्यांना माहीत नव्हते. दारात उभे राहायचे, उजवा हात पाठीमागे.

"ओळख."

"चित्रहोडी."

"नाय."

"खाजा."

"नाय."

"मग हरलो."

मग हात पुढे यायचा आणि त्यात चित्रहोडीच असायची. त्यांना स्वतःला अक्षरओळख बेताची. मी वाचून दाखवायचो आणि ते चित्रे बघत ऐकायचे.

म्हणून काळोख्याची मला कधी भीती वाटली नाही. वर्गातली मुले म्हणत, त्या हातात सुरा आहे. कोणी म्हणे, हात सडलेला आहे. मला मात्र आतून खात्री होती की त्याने काहीतरी आणले आहे. दर अंक हातात आला की मी शेवटचे पान आधी उघडायचो. हात पुढे आला का ते बघायला.

बाबा शेवटचे आले १९७३ च्या मे महिन्यात. मी अकरा वर्षांचा होतो. त्यानंतर दोन वर्षे मनीऑर्डर आली, मग तीही थांबली. मचवा मालकाने विकून टाकला असे कळले. बाबा हयात आहेत एवढे नक्की. मुंबईहून येणारे कोणी ना कोणी सांगतात. पत्ता कोणी सांगत नाही.

चित्रहोडी साऱ्या मुंबईत मिळते.

गुरुवार, १२ जुलै

कथा सुचली. पाने आखली.

काळोख्या आधी चांगला तांडेल होता. त्याची बायको रोज रात्री घरासमोर कंदील लावायची आणि त्याच्या खुणेवर तो मचवा किनाऱ्याला आणायचा. एका अवसेला तिने तेल वाचवण्यासाठी कंदील विझवला आणि झोपली. मचवा खडकावर आपटला. होडी आणि खडक यांच्यामध्ये तांडेलाचा उजवा हात चेपला. ज्या दिव्याने दगा दिला, तो आता जगात कुणाकडेच नको, अशी त्याने शपथ घेतली.

वाचून पाहिले. यात काळोख्याचा काहीच दोष उरत नाही. बरोबर जमले आहे असे वाटते. तरी शाईच्या बाटलीचे बूच तीनदा तपासले. बहुतेक शाई सांडायची भीती.

मंगळवार, १७ जुलै

आज जे झाले ते नीट क्रमाने लिहितो.

शेजारचे सखारामकाका गिरणीत होते. संपानंतर गावी आले, पण अधूनमधून मुंबईला जाऊन गिरणीच्या फाटकाशी चौकशी करून येतात. काल रात्रीच्या एस.टी.ने परत आले. आज संध्याकाळी आमच्या पडवीत टेकले. आई माडाच्या हिरांचे खराटे बांधत होती. ती ते बाजारात विकते.

काका म्हणाले, "वहिनी, महिपतला बघितला."

महिपत म्हणजे बाबा. आईचे हात थांबले नाहीत. मीच विचारले, "कुठं?"

"माझगावात, पेपरवाल्याच्या ठेल्याशी. केस पांढरे झालेत, पण उभं राहायची रीत तीच. मी हाक मारणार तर त्यानं ते तुझं पुस्तक घेतलं, होडीवालं."

"चित्रहोडी?"

"तेच. पैसे दिले, हात असा पाठी नेला, आणि मग खाली वाकून त्या..."

"भावजी, चहा निवतोय," आई म्हणाली.

काकांनी बशी तोंडाला लावली. मी म्हटले, "वाकून काय?"

काका आईकडे बघत होते. "काय नाय रे. चपलेचा अंगठा तुटला असेल. पुढे गर्दीत दिसला नाय."

ते गेल्यावर मी बराच वेळ ओट्यावर बसलो. बाबा अजून चित्रहोडी घेतात. त्यांना स्वतःला ती वाचता येत नाही, म्हणजे ती माझ्यासाठीच असणार. अकरा वर्षांचे अंक कुठेतरी पेटीत रचून ठेवले असतील. मला वाटत होते, ते विसरले. विसरलेला माणूस दर महिन्याला पैसे मोडून मुलांचे पुस्तक कशाला घेईल?

म्हणजे दिवाळी अंकही घेतील. कोणाकडून तरी वाचून घेतील. शेवटी माझे नाव येईल, खाली गाव येईल. गाव त्यांना ठाऊक आहेच, पण छापलेले बघितल्यावर वेगळे वाटते. पाट्या लिहिणाऱ्याला हे माहीत असते.

आईने आज एका खराट्याचा बांध उसवून पुन्हा बांधला. असे ती कधी करत नाही. मी म्हटले, "आई, ऐकलंस ना?" ती म्हणाली, "ऐकलं."

शनिवार, २८ जुलै

दिव्यांची अवस. आमच्याकडे वीज नाही, त्यामुळे घरात दिवे बरेच. आईने दुपारीच समई, निरांजने, दोन चिमण्या आणि कंदील काढून राखेने घासले. पाटावर रांगोळी घालून सगळे मांडले, हळदकुंकू लावले. गूळ घातलेले कणकेचे दिवे उकडून ठेवले. सगळे दिवे लागल्यावर घर एवढे उजळले की मला वाटले, कथा वाचून दाखवायला हाच दिवस चांगला. सहा पाने पुरी झाली होती.

चित्रे तिच्यासमोर एकेक करून धरली आणि वाचले. ती मन लावून ऐकत होती. मचवा आपटला तिथे म्हणाली, "थांब. तिनं कंदील का विझवला?"

"तेल वाचवायला."

"तेल सरलं की बाई शेजारून वाटीभर आणते. विझवत नाय."

"आई, गोष्ट आहे ती. कंदील विझला नाही तर मचवा आपटणार कसा?"

"ते तू बघ. तुला त्या चोराला निर्दोष करायचा आहे ना, कर. पण त्याचं पाप उचलून तू तिच्या पदरात टाकलंस."

मी म्हटले, ही कुठलीतरी काल्पनिक बाई आहे. आईने पाटावरचा कंदील जरा सरळ केला.

"सात वर्षं हा कंदील मी समोरच्या खुंटीला लावला, सदू. दिवसा काच पुसायची, तिन्हीसांजेला लावायचा. तुला अभ्यासाला उजेड पुरत नसे. तरी तुला चिमणी दिली आणि हा बाहेर ठेवला. लोक हसायचे. तुझ्या बाबांना किनारा दिसला नाय, असं कुणी म्हणू नये."

आवाज चढवला नाही. मग ताटातला कणकेचा दिवा उचलून माझ्या हातावर ठेवला. "खा. गरम आहे तोवर."

मी तो खाल्ला आणि चित्रे गोळा केली.

रविवार, २९ जुलै

तीन, चार आणि पाच ही पाने फाडली. फाडण्याआधी मागची बाजू कोरी आहे का ते पाहिले, होती, म्हणून एक तुकडा मापासाठी ठेवला.

आता प्रश्न असा. कंदील लागलेला आहे. तांडेलाला तो दिसतो आहे. वारा अनुकूल आहे. मग मचवा वळला का?

बुधवार, १ ऑगस्ट

सुचत नाही. संगमेश्वरच्या एका दुकानाची पाटी लिहिताना 'किराणा व भुसार' एवढेच लिहायचे होते, तेही तीनदा पुसले. नाना म्हणाले, "राक्षस अंगात शिरला काय?"

रविवार, ५ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा जवळ आली, म्हणून मांडवीला होड्या रंगवायचे काम जोरात आहे. दिवसभर होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नावे लिहिली. अंधार पडू लागला तसे खाडीपलीकडे भाट्याच्या बाजूला एकेक दिवा लागला. नाव लिहायचे सोडून ते बघत बसलो. दिवा दुरून नुसता ठिपका दिसतो, पण त्याच्याशेजारी कोणीतरी बसलेले असते. नाहीतर तो लागला नसता.

तेव्हा सुचले. काळोख्याला दिवा दिसतो म्हणजे त्याला हे दिसते की तिथे कोणी जागे आहे. त्याला ते बघवत नाही. कुठल्याही बंदरात गेला तरी दिवे असतात. प्रत्येक दिवा त्याला तोच वाटतो. म्हणून तो दिवे उचलतो. मोडत नाही, फोडत नाही. मचव्याच्या तळाशी विझवून रचून ठेवतो.

ती बाई कंदील लावतच राहते. तो दिवा मात्र त्याला कधी उचलता येत नाही. तेवढ्या जवळ त्याला जाताच येत नाही.

हे खरे वाटते. पाच पाने पुन्हा आखली. पण तो पहिल्यांदा वळला का, ते अजून नाही. आणि हात चेपल्याची गोष्ट आता चालत नाही. खडकच राहिला नाही.

शनिवार, ११ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. आई दर वर्षी समुद्राला नारळ देते. घरात मचवा नाही, होडी नाही, तरी देते. जेट्टीवर गर्दी होती. तिने पदर खोचून नारळ दूर टाकला. परत येताना वाळूत बसलो, तेव्हा मी नव्या कथेविषयी सांगितले. कंदील विझत नाही हे आधी सांगितले. तिने मान हलवली.

"सगळं जमलं, आई. तो वळला का, ते गोष्टीत सांगतच नाही. हात तेवढा राहिला. त्या हातात काय असेल?"

तिने पायाची वाळू झटकली. मग म्हणाली, "असेल कुणाचातरी हात."

"कोणाचा?"

"पोराचा. लहान पोर असेल त्याच्या पाठीशी उभं. एवढी वर्षं हात पुढं येत नाय म्हणजे त्यानं सोडता येणार नाय असं काहीतरी धरलंय. सुरा काय, माणूस कधीतरी खाली ठेवतो."

मी थक्क झालो. म्हटले, "पण पोराला काळोखात कशाला नेईल तो?"

"पोराला काळोख वाटत नसेल. बाप बरोबर आहे त्याच्या."

मग ती उठली आणि पदर सोडून चालू लागली. मी मागून पोचलो तेव्हा ती बाजारातल्या नारळाच्या भावाविषयी बोलत होती.

आईला गोष्टीतले इतके कळते हे मला माहीत नव्हते. दोन इयत्ता शिकलेली बाई. मी एवढे अंक वाचून जे सुचले नाही ते तिने वाळूत बसून सांगितले. तो मुलगा कोण ते तर उघड आहे. तांडेल घर सोडून गेला तेव्हा मुलाला न्यावे असे त्याच्या मनात आले, पण नेता आले नाही. म्हणून तो मनातल्या मनात त्याचा हात धरून फिरतो. लोकांना दिसत नाही म्हणून त्यांना वाटते, सुरा आहे.

हे आईने माझ्यासाठीच सुचवले असणार.

मंगळवार, १४ ऑगस्ट

आठवे पान पुरे झाले. या पानावर काळोख्या पहिल्यांदाच पाठमोरा आहे. समोर समुद्र, दूर एक बारीक दिवा, त्याच्याशेजारी बसलेली बाई शाईच्या दोन रेघांत. शीड वाऱ्याच्या बाजूला. आणि काळोख्याचा उजवा हात धरून उभा असलेला मुलगा. त्याचा चेहरा वळून आपल्याकडे बघतो. तो मी माझ्या चौथीच्या वर्गाच्या फोटोवरून काढला. कान जरा मोठे आले, पण होतेच मोठे. दुसऱ्या हातात मुलाने पुस्तक धरले आहे. कुठले ते लिहिले नाही.

संध्याकाळी आईला दाखवले. तिने हात पदराला दोनदा पुसले तरी कागदाला लावला नाही. लांबूनच बघितले.

"कंदील लागलेला आहे ना?"

"शेवटच्या चौकटीपर्यंत."

"बरं." मग बोट न टेकवता मुलाकडे दाखवले. "हा तुझ्यासारखा काढलास."

"मीच आहे तो."

तिने बोट मागे घेतले. बाहेर सखारामकाका कुणाच्यातरी गुरांना हाकलत होते, तो आवाज येत राहिला.

शेवटी म्हणाली, "पोराला टोपी घाल."

"का?"

"होडीत वारा असतो. कान दुखतात लहान पोरांचे."

मी म्हटले, शाई वाळली आहे, आता टोपी घातली तर कपाळ आणि कान झाकले जातील, ओळखू येणार नाही. ती म्हणाली, "नको येऊ दे ओळखू. थंडी लागू नये."

टोपी घातली. चेहरा अर्धा झाकला गेला. आता तो कोणाचाही मुलगा वाटतो. मला तेवढे पसंत नाही, पण आईने या गोष्टीत आजवर काहीही चुकीचे सांगितलेले नाही, म्हणून राहू दिले. कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव घातले. सदानंद महिपत शिवलकर, मांडवी, रत्नागिरी. मधले नाव बाकीच्यांपेक्षा एक सूत मोठे काढले आहे. कोणाच्या लक्षात येणार नाही.

गुरुवार, १६ ऑगस्ट

काल पोस्ट बंद होते. आज पोस्ट उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. दोन पुठ्ठ्यांमध्ये पाने घालून, वर मेणकापड, वर सुतळी. पत्ता तीनदा तपासला. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "एवढं काय आहे हो आत?" मी म्हटले, चित्रे. सोमवारपर्यंत पोचेल ना विचारले. त्या म्हणाल्या, गाडी वेळेवर गेली तर पोचेल. घाटात दरड पडली तर काय, हे विचारायचे होते, पण मागे रांग होती.

घरी आलो तर समोरची खुंटी रिकामी दिसली. कंदील गेली काही वर्षे तिथे लागत नव्हता, तरी नुसता अडकवलेला असायचा. आईने तो आत आणून माझ्या चित्रांच्या फळीवर टांगला होता. वात नवी घातली होती.

"हा इथं?"

"तुला लागेल आता," ती म्हणाली. "चिमणीवर डोळे जातात."

"बाहेर नको?"

"बाहेर नको."

मी तिला सांगितले की दिवाळीपर्यंत धीर धरायला हवा, अंक आला की बाबांना कळेलच. ती म्हणाली, "हो." आणि खराट्याचे हीर सोलायला बसली. या कंदिलाचा उजेड खरेच चांगला आहे. हे सगळे त्यातच लिहितो आहे. आधी का नाही आणला आत, असे वाटले.

हिशेब लिहून वही मिटतो.

झालेला खर्च. जाड कागद बारा, रुपये साडेसात. टाकाची निब चार, एक रुपया. पुठ्ठा, मेणकापड व सुतळी, दोन रुपये चाळीस पैसे. रजिस्टर टपाल, सहा रुपये दहा पैसे. एकूण सतरा रुपये.

देणे. केरूनाना, अर्धी बाटली शाई, दोन रुपये, आणि वाकलेला दोन नंबरचा ब्रश, तीन रुपये पन्नास. सखारामकाका, काही नाही, पण त्यांनी बाबांची बातमी आणली म्हणून दिवाळीला अंक त्यांना आधी द्यायचा.

आई, सात वर्षांचे रॉकेल. ती म्हणते, ते धरू नको. धरले आहे. रक्कम काढता आली नाही.